डोमाजींची ओंजळ

डोमाजींना साधा प्रश्न विचारून साधं उत्तर मिळवणं मला वर्षभर जमलं नाही. त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली मी भाड्यानं घेतली होती. शाळेत निघताना मी विचारायची, "काकाजी, गोंदियाची मोटार गेली का?" ओसरीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरणारे डोमाजी रस्त्याकडे बघायचे, एक खांड तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "धुर्रा तं उडून राहिला."

"म्हणजे गेली?"

"गेली असं मी नाई म्हनत. धुर्रा उडून राहिला, येवढंच म्हनतो."

तोवर खरोखरच मोटार गेलेली असायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "काकाजी, आज गुरुवार आहे, हे तरी कबूल आहे ना?" तर म्हणाले, "लोक तं तसंच म्हनून राहिले." मी कपाळावर हात मारून घेतला. आतून त्यांची बायको सरजाकाकू ओरडली, "बाई, काऊन इचारता त्याहिले? भितीवर क्यालेंडर आहे ना!"

हा म्हातारचळ नव्हता. माणूस साठीचा, पण तब्येतीनं ठणठणीत, हिशेबात पक्का आणि गावातल्या प्रत्येक म्हशीला तिच्या आईसकट ओळखणारा. जन्मापासूनही ते असे नव्हते. मी पहिल्यांदा त्या गावात मास्तरीण म्हणून आले तेव्हा तर उलट त्यांच्या बोलण्यानं माझे कान किटले होते. ते असे झाले एका सिनेमामुळे. त्या सिनेमात त्यांचं काम जेमतेम दोन मिनिटांचं होतं आणि त्या दोन मिनिटांनी आम्हा सगळ्यांना किती छळलं, ते सांगायचं तर आधी तळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

गाव गोरेगावपासून अडीच कोसांवर. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि वरच्या अंगाला जुनं मोठं तळं. तळ्याचं पाणी सोडायचं जे दगडी दार असतं, त्याला तिथे तुडूम म्हणतात. तो उघडायचा, बंद करायचा मान डोमाजींच्या वडिलांकडे होता, त्यांच्यानंतर डोमाजींकडे आला. पाण्याची किल्ली ज्याच्या हातात त्याच्या शब्दाला वजन असणारच. त्यातून डोमाजींचा चेहरा असा, की समोर बसलं की आपणच काहीतरी लपवतो आहोत असं वाटावं. उंच अंग, पांढऱ्या भरघोस मिशा, पापणी न लववता बघायची सवय. सोयरीक जुळवताना, धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या हद्दीचं, भांडण मिटवताना साक्षीला डोमाजी हवेतच.

साक्षीची त्या गावची एक रीत होती. साक्ष देणाऱ्यानं तळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, ओंजळीत तळ्याचं पाणी घ्यायचं आणि बोलायचं. बोलणं पुरं होईपर्यंत ओंजळ भरलेली राहिली पाहिजे. मधेच पाणी सांडून गेलं, तर ती शपथ लागली नाही असं समजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मी वर्ध्याकडची, मला आधी याचं हसू यायचं. पण त्या रीतीमुळे लोक थोडक्यात बोलत हे मात्र कबूल केलं पाहिजे.

मी येण्याच्या आदल्या वर्षी जंगलातल्या एका मोठ्या तळ्यावर सिनेमावाले आले होते. आठ दिवस त्यांचे तंबू होते. त्यांना तळ्यात उभं राहून, ओंजळीत पाणी घेऊन गावपंचायतीपुढे साक्ष देणारा एक म्हातारा हवा होता. कोणीतरी डोमाजींना दाखवलं आणि सिनेमाचा साहेब बघतच राहिला. हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं, आणि मग पुढे सहा महिने रोज कळत राहिलं.

"साहेब म्हने, हाच चेहरा पायजे. मुंबईले असा चेहरा नाई म्हने," डोमाजी सांगायचे. मग पाण्याचा तांब्या मागवायचे, अंगणात उभे राहायचे, ओंजळीत पाणी घ्यायचे आणि कोंबड्या घाबरतील अशा आवाजात म्हणायचे, "गंगामाई की सौगंध! मैंने अपनी आँखों से देखा! आग इसी ने लगाई!" पाहुणा आला की हे. पोस्टमन आला की हे. शाळा तपासायला वरचे साहेब आले, तेव्हाही मी नको नको म्हणत असताना हे. "सात डाव करून घेतलं माझ्याकडून," हेही अभिमानानं सांगायचे. "येका डावात ज्याचं चांगलं नाई, त्याले दुसऱ्या डावाले ठेवत नाई म्हने ते लोक."

एकदा मी विचारलं, "पण काकाजी, गोष्ट काय आहे सिनेमाची?"

"गोष्ट मले नाई सांगतली. पन मी साक्षीदार आहो. ज्यानं आग लावली, त्याले मी पकडून देतो." आणि मिशीवरून हात फिरवला. हा चेहरा पाहून कोणी आपल्याला दुसरं काम देईल, ही शंकाच त्यांच्या मनाला शिवली नव्हती.

सिनेमा गोंदियाला लागला. सोळा बैलगाड्या निघाल्या. टॉकीजात पुढच्या बाकांवर आमचं गाव आणि मधोमध धुतलेलं धोतर नेसून डोमाजी. सिनेमा सुरू झाला. सावकाराच्या माणसानं गरिबांच्या झोपड्यांना आग लावली, आम्ही सगळ्यांनी पाहिली. नायक त्या वेळी दुसऱ्या गावी आईसाठी औषध आणायला गेलेला, तेही पाहिलं. मग तळ्याकाठी पंचायत भरली आणि पडद्यावर डोमाजी आले. गावानं टॉकीज डोक्यावर घेतलं. शिट्ट्या, टाळ्या, "डोमाजी! डोमाजी!" प्रत्यक्षातल्या डोमाजींनी लाजून उपरण्यानं तोंड झाकलं. आणि पडद्यावरचे डोमाजी पापणी न लववता नायकाकडे बघत बोलले, आग इसी ने लगाई.

टाळ्या अर्ध्यातच थांबल्या. नायकाला बेड्या पडल्या. औषधाची बाटली फुटली. आई उंबऱ्यावर डोकं ठेवून मेली. सावकारानं लबाड साक्षीदाराला विकत घेतलं होतं, हे पुढे एका वाक्यात आलं. त्यासाठीच तर सिनेमावाल्यांना इतका खरा चेहरा हवा होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मला त्या साहेबाचा संताप आला. निदान म्हाताऱ्याला सांगायचं तरी होतं.

घरी पोचल्यावर सरजाकाकूंनी विचारलं, कसा होता सिनेमा? तर म्हणाले, "मायबी मेली त्याची."

"कोनाची?"

"ज्याले मी जेलात धाडलो."

तिसऱ्या दिवशी ते एकटेच गोंदियाला गेले. तिथे काय झालं ते मला मोटारीच्या कंडक्टरनं सांगितलं. आपला प्रसंग आल्याबरोबर डोमाजी भर खेळात उभे राहिले आणि पडद्याकडे पाठ करून लोकांना ओरडून सांगू लागले, "झूठ है! बुढा झूठ बोलून राहिला!" डोअरकीपर धावत आला, "कौन झूठ बोल रहा है?" डोमाजी म्हणाले, "मीच!" त्याला काही बोध झाला नाही, त्यानं बखोटीला धरून बाहेर काढलं.

त्या दिवसापासून डोमाजींनी कुठलीही गोष्ट स्वतःच्या तोंडानं 'आहे' म्हणून सांगणं सोडलं. साक्षीला जाणं सोडलं. सोयरिकीची बोलावणी परत पाठवली. गावानं महिनाभर थट्टा केली आणि विसरून गेलं. गावाचं काही म्हणणंच नव्हतं. एकटे डोमाजी विसरायला तयार नव्हते, आणि अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

मी भांडले. शिकवणं हा माझा धंदा, मला वाटलं समजावून सांगता येईल. "काकाजी, तो नायक खरा जेलात गेला का? त्याच संध्याकाळी तंबूत बसून चहा प्यायला असेल. ती आई दुसऱ्या सिनेमात पुन्हा आई होईल. सगळं खोटं असतं ते."

"जेल खोटी होती, मान्य," ते शांतपणे म्हणाले. "पन तलाव खोटा होता का? पानी खोटं होतं का?"

"अहो, दंडारीत तुमचा भाचा राक्षस होतो. म्हणून तो राक्षस झाला का?"

दंडार म्हणजे तिकडचं दिवाळीनंतरचं नाचगाण्याचं खेळनाट्य. डोमाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत मला शिकवायला कोणी ठेवलं असा त्यांना प्रश्न पडला असावा. "बाई, दंडारीत आधी तोंडाले रंग लावते. गनपतीच्या पाया पडते. रंग लावला का मंग ते तोंड आपलं नाई. खेर झाला का धुऊन टाकते. मले कोनी रंग लावला नाई. धोतर माझं. मिशी माझी. तोंड माझंच. धुवाचं काय?"

मी रागानं माझ्या खोलीत गेले, आणि पुढचे चार दिवस मोटार गेली का हे रस्त्यावर जाऊन स्वतःच बघितलं.

हे इथवर घरातलं दुखणं होतं. पुढच्या वर्षी ते गावाच्या मुळावर आलं. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली होती, तळं सरकारचं झालं होतं आणि कोणाला पाणी कसं मिळतं हे गावोगाव विचारून कागदावर लिहायला एक साहेब फिरत होता. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रदेशात. साहेब जबलपूरकडचा, हिंदीशिवाय काही न समजणारा. आमच्या गावची वहिवाट अशी, की दसऱ्याच्या सुमारास पावसानं ओढ दिली आणि धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला आलं, की पहिले सात दिवस पाणी वरच्या बांध्यांना आणि शेवटचे तीन दिवस खालच्या. वरच्या बांध्या बहुतेक एकाच माणसाच्या. तो पूर्वी मालगुजाराचा कारभार बघायचा, म्हणून सगळे त्याला दिवाणजी म्हणत. दिवाणजींनी साहेबाला सांगून टाकलं, खालच्यांचा काही हक्क नाही, आम्ही दयेनं देत होतो. हे तसंच कागदावर चढलं, की खालच्या बावीस घरांचं धान दर वर्षी दिवाणजींच्या मर्जीवर. लिहिलेलं कुठे काही नव्हतं. तुडूम धरलेला माणूस एकच जिवंत होता, आणि तो आज कोणता वार आहे हेही सांगायला तयार नव्हता.

खालच्या बांध्यांत सगळ्यात शेवटी सगुणाच्या दोन. तिचा नवरा गोंदियाला राइस मिलमध्ये, शेती ती एकटी बघायची. डोमाजी नात्यानं तिचे सासरे लागत, म्हणजे मामाजी. त्यामुळे ती त्यांच्यापुढे पदर ओढून घ्यायची आणि त्यांच्याशी थेट बोलायची नाही. बोलायचं ते माझ्यामार्फत. डोमाजी तीन हातांवर, मी मधे, आणि सगुणाचा आवाज गावच्या वेशीपर्यंत पोचेल असा.

"बाई, मामाजीले सांगा, माझं धान यंदा पोटात आहे. पानी नाई भेटलं तं पोचट जाईल."

मी आज्ञाधारकपणे सांगायची, "काकाजी, सगुणा म्हणते..."

"आयकलो," डोमाजी म्हणायचे. "तिले सांगा, माझी शपथ बाटली. बाटलेल्या शपथेवर तिचं धान उभं राहाचं नाई."

"बाई, मामाजीले सांगा, मले त्याहिची शपथ नाई खाची, भात खाचा आहे!"

सरकारी चौकशी शाळेतच भरली आणि दुभाषी म्हणून मलाच बसवलं. साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, "बाबा, सौगंध-वौगंध की ज़रूरत नहीं. जो मालूम है, सीधा बोल दो, हम लिख लेंगे." मला हायसं वाटलं. मी डोमाजींना सांगितलं, नुसतं बोला, झालं.

डोमाजी उभे राहिले. "साहेबाले सांगा, नुसतं तं मी पान खातानाबी बोलतो. तलावाचं बोलनं तलावात उभं राहूनच बोला लागते. आन् ते मले आता जमत नाई. आधी हेच लिहून घ्या म्हना, का मी पानी हातात घेऊन खोटं बोललो आहो."

मी याचं भाषांतर केलं नाही. नुसतं "इनकी तबियत ठीक नहीं" असं सांगितलं. मागे दिवाणजी पंच्यानं तोंड पुसण्याच्या मिषानं हसत होता. साहेबानं घड्याळ बघितलं आणि सांगितलं, सोमवारी मी या रस्त्यानं परत जाणार, तोवर कोणी बोलणारा मिळाला तर ठीक, नाहीतर कागद बंद.

त्या संध्याकाळी मी डोमाजींना नको ते बोलले. म्हटलं, हा तुमचा खरेपणा नव्हे, ही ऐट आहे. एका सिनेमात खोटं बोललात तर ते उराशी धरून बसलात, आणि आता खरं बोलायची वेळ आली तर गप्प. त्या पडद्यावरच्या आईसाठी रडता, आणि शेजारच्या बावीस चुली थंड होतील त्याचं काय? त्यांनी ऐकून घेतलं. सुपारी कातरत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा अडकित्ता बोटाला लागला.

गुरुवारी गोरेगावच्या बाजारात गेले, तर तंबूचा सिनेमा आलेला आणि भोंग्यातून ओरडणं चाललेलं. तोच सिनेमा. रविवारपर्यंत. माझं डोकं आधीच तापलेलं होतं, मी पुढे चालू लागले. पण सगुणा हटून बसली. गाव गोंदियाला गेलं होतं तेव्हा तिचं रोवण्याचं, म्हणजे लावणीचं, काम होतं, तिनं पाहिला नव्हता. "ज्याच्यापायी माझं धान जाऊन राहिलं, ते पाहू तं द्या मले," म्हणाली. दिवेलागणीच्या खेळाला आम्ही बायकांच्या बाजूला पडद्याच्या अगदी जवळ बसलो.

पडद्यावर डोमाजी आले. सवयीनं सगुणानं पदर पुढे ओढला. मी नायकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. सगळे तिकडेच बघतात, तसंच ते दाखवलेलं होतं. "गंगामाई की सौगंध," डोमाजी म्हणाले. सगुणानं माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली.

"बाई! हातात पानी कुठं आहे?"

मी बघितलं. बैलगाडीच्या चाकाएवढी ओंजळ पडद्यावर होती. बोटांच्या फटींतून शेवटची धार गळत होती, आणि 'आग इसी ने' म्हणेपर्यंत तर दोन्ही तळवे कोरडे ठणठणीत. प्रकाश तळव्यांवर पडलेला, रेषान् रेषा दिसत होती. आयुष्यभर बांधीतल्या पाण्याच्या काठाकाठानं चाललेली बाई. माणसाआधी तिला पाणी दिसलं. मी शिकलेली, पण एकदा संपूर्ण सिनेमा पाहून मला ते दिसलं नव्हतं.

आम्ही पुढचा सिनेमा सोडून निघालो. आईचं मरण बघायला थांबलो नाही.

सकाळी ओसरीवर खटला उभा राहिला. सगुणा खांबाआड, मी मधे.

"बाई, मामाजीले सांगा, हात रिकामा होता."

डोमाजींनी वर बघितलं नाही. "तुमी दोघी तसं म्हनून राहिल्या."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "काकाजी, आम्ही डोळ्यांनी पाहिलं!"

"मीबी तसंच म्हनलो होतो. अपनी आँखों से देखा."

यावर कोणी काय करावं? मी आत जाऊन पाणी पिऊन आले. आले तेव्हा डोमाजी बोटं मोजत होते. "तो सातवा डाव असंल. पन आधीचे सहा? तवा तं पानी होतं."

"आधीचे सहा त्यांनी फेकून दिले," मी म्हटलं.

"शपथ फेकता येते का?"

सगुणा खांबाआडून म्हणाली, "बाई, मामाजीले इचारा, त्या सहा डावात बोलनं पुरं झालं होतं का?"

डोमाजींनी अंगठा धरला. पहिल्या डावात कावळा ओरडला, 'गंगामाई'वरच थांबवलं. दुसऱ्यात 'सौगंध' आठवलं नाही. तिसऱ्यात म्हैस मधे आली. चौथ्यात नायकाला शिंक आली. पाचव्यात ढग आला. सहाव्यात 'अपनी' म्हणून झाल्यावर तोंडातून 'डोऱ्यानं पाह्यलं' निघून गेलं आणि सगळे हसले. सातव्यात पुरं झालं. "सातव्याले त्याहिनं ते उजेडाचे चकाकते पत्रे माझ्या तोंडावर धरले होते. मले काईच दिसत नव्हतं. हात आहे का नाई, हेबी समजत नव्हतं."

"मंग बाई, मामाजीले सांगा," सगुणा हळू आवाजात म्हणाली, इतक्या हळू मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं, "त्या पोरानं आग लावली असं मामाजी एकच डाव बोलले. आन् तवा हातात पानी नव्हतं."

डोमाजी उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि गेले. आमच्या शब्दावर विश्वास ठेवतील तर ते डोमाजी कसले! शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस पायी गोरेगावला जाऊन त्यांनी तो सिनेमा पाहिला. पहिल्या दिवशी म्हणे त्या जागी डोळेच मिटले. दुसऱ्या दिवशी समोर बसलेल्यानं पागोटं हलवलं. तोवर सरजाकाकूंनी दोन नवस बोलून ठेवले होते. रविवारी परत आले, पाय धुतले, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "नव्हतं पानी."

नुसतं नव्हतं. लोक म्हणतात नाही, दिसून राहिलं नाही. वर्षभरात त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं सरळ वाक्य होतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

सोमवारी अख्खं गाव तळ्याच्या पाळीवर. साहेब छत्रीखाली उभा, मुनशीच्या गुडघ्यावर कागद. डोमाजी गुडघाभर पाण्यात गेले, वाकले, ओंजळ भरली. आणि मग ते बोलले.

"माझ्या बापानं तुडूम धरला. त्याच्या मागं मी धरलो. धान निसवाच्या येरेले सात दिवस वरच्या बांध्या, तीन दिवस खालच्या. मालगुजार होता तवाबी. पानी कमी होतं तवाबी. दया म्हनून नाई, हक्काची पारी म्हनून. हे मी म्हनून राहिलो. लोक नाई. मी."

ते थांबले आणि मी हिंदीत सांगू लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या भाषांतराचा राग आला, कारण मी बोलत होते तोवर म्हातारा पाणी धरून उभा होता. मुनशी एकेक अक्षर कोरत होता. त्यात दिवाणजी पुढे आला. "साहब, इसकी कसम का क्या भरोसा? पूरे गोंदिया ने इसको झूठी कसम खाते देखा है."

"कहाँ?" साहेबानं विचारलं.

"सिनेमा में."

साहेबानं चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगायला लागले, पत्रे, कावळा, म्हैस, सातवा डाव, रिकामी ओंजळ. सांगता सांगता मलाच ते इतकं वेडगळ वाटू लागलं, की जीभ अडखळायला लागली. तळ्यात डोमाजींचे दंड थरथरत होते. मिशीवरून घाम गळत होता, तो पुसायला हात मोकळे नव्हते. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुन्हा लावला आणि मुनशीला म्हणाला, "लिखो. नीचे के खेत, तीन दिन."

मुनशीनं लिहिलं. साहेबानं सही केली. लोक बोलू लागले, पोरं पाळीवरून धावत सुटली, दिवाणजी छत्री उघडून चालता झाला. आणि डोमाजी तसेच उभे.

"काकाजी, झालं हो, या आता," मी ओरडले.

"लिवनं पुरं झालं का?"

"झालं."

"साहेबाची सही?"

"झाली, अहो झाली!"

"शाई वारली का?"

मी खरंच कपाळ बडवून घेणार होते. तेवढ्यात सगुणा माझ्या शेजारून पुढे गेली. लुगड्यासकट पाण्यात उतरली. तिनं डोमाजींच्या ओंजळीत डोकावून बघितलं. डोक्यावरचा पदर मागे घसरला होता, तिनं तो सावरला नाही.

"मामाजी," ती म्हणाली. मी मधे नव्हते. "सारं पानी आहे. आता सांडा."

डोमाजींनी तिच्याकडे बघितलं, आणि मग हळूच, तिच्या बांध्या होत्या त्या बाजूला वळून, हात उघडले.